बारीक तार

ओर्तेन्सिया त्या जिन्यावर पहिल्यांदा चढली, ती केवळ बाबांच्या कमरेत उसण भरली म्हणून. मेंढीच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा वळणं हा त्यांचा धंदा. एरवी रोमभर त्या पोचवायला तेच जात.

वर चित्रकार बाल्दास्सारे तरुण वादकांचं चित्र रंगवत होते. खांद्यावरून पांढरं वस्त्र घसरलेलं, मांडीवर ल्यूट हे तंतुवाद्य, असा एकजण समोर बसला होता. तिला पाहताच त्याची मान वळली.

“लेलिओ! हलू नकोस!”

“तार आली, मायेस्त्रो… आणि काय सुंदर आली!”

“कोण, तार?” चित्रकार गुरगुरले.

ओर्तेन्सियाचे कान लाल झाले. तार देताना बोटांना बोटं लागली…

मग काय, लेलिओची ती सगळ्यांत बारीक तार रोजच तुटू लागली! नवी तार घेऊन तीही रोज जाऊ लागली. एकदा तिनं तुटकं टोक बोटावर घेतलं. ताणून तुटलेल्या तारेला कुसं सुटतात. हे तर अगदी गुळगुळीत…

“कापलीत ना?” ती कुजबुजली.

“शू… चित्रासाठी ठेवलेल्या द्राक्षांच्या घडाची कात्री आहे. चुकून लागली.”

“रोज चुकून? बाबांची मेहनत असते हो त्यात!”

“मग सांगा, तार न तुटता तुम्ही आला असता?”

ती पाठ फिरवून निघाली. जिना उतरताना मात्र तिचं हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी बाल्दास्सारेंनी तिला दारातच अडवलं. “तार नको, पोरी. वैतागून चित्रात तुटलेलीच रंगवून टाकली!”

खरंच, चित्रातल्या ल्यूटवर तार वेटोळं करून पडली होती. रंग अजून ओला होता. लेलिओचा चेहरा उतरला. आता तिला बोलवायचं तरी कोणत्या निमित्तानं? ओर्तेन्सियानं तारांची टोपली उचलली.

ती रस्त्यावर पोचते न पोचते तोच मागून हाक आली, “थांबा!” खांद्यावरचं पांढरं वस्त्र सावरत लेलिओ धावत येत होता. भाजीवाल्या खिदळल्या. खिडकीतून चित्रकार ओरडले, “अरे गाढवा, माझं वस्त्र!”

“आता कशा भेटाल?” त्याला धाप लागली होती.

“का? तार तुटल्याशिवाय तोंड उघडत नाही वाटतं?”

“उघडतं… पण तुम्ही समोर आलात की—”

“की?”

“की सगळं विसरतो. ओर्तेन्सिया, मला तुम्ही आवडता. फार आवडता.”

तिनं टोपली सरळ त्याच्या हातात दिली.

“मग उद्या दुकानात या. बाबांना तारा वळायला माणूस हवाच आहे. आणि कात्री इथेच ठेवा!”

पुढे ते चित्र एका सरदाराच्या दिवाणखान्यात लागलं. तिथे तारा पोचवायला दोघं जोडीनं जात. पाहुणे चित्रापुढे हळहळत, “अरेरे, ऐन वेळी तार तुटली बिचाऱ्याची!”

ओर्तेन्सिया नवऱ्याला हळूच कोपर मारी, आणि तो बिचारा छताकडे बघत बसे.