पाण्याची सुई

उकंडरावांच्या कांद्याच्या वाफ्यात कुणी परका उकिडवा बसून चमच्यानं माती उकरत होता, आणि ती चक्क काचेच्या नळीत भरत होता. सडुसष्ट सालची गोष्ट. बीबी गावाच्या अलीकडच्या त्या खेड्यात मी नर्स होते, आणि त्या सकाळी माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"काय चोरून राह्यले हो?"

तो दचकला. "माती... मी इंद्रभान, मलकापूरचा. नागपूरले शिकतो. जंतू शोधून राह्यलो."

"मग पंचायतीत जा. तिथं ढीगभर सापडतील."

तो हसला, आणि मला त्या हसण्याचाही राग आला, कारण ते छान होतं.

राग का येऊ नये? उकंडरावांच्या पायाला फावडं लागलं. त्यांची बायको सोजराबाई, तिनं रीतीप्रमाणे जखमेत वाफ्यातली माती दाबली. मी जखम धुतली, आठ दिवस पेनिसिलिनच्या सुया दिल्या, तरी पाय सुजतच गेला. चिखलीच्या दवाखान्यात ठेवलं, तिथल्या डॉक्टरांनी औषध बदललं, तेव्हा कुठे सूज उतरायला लागली. झालं. "नर्सबाई बाटलीत पाणी टाकते, आमी डोळ्यानं पाह्यलं." अहो, पेनिसिलिनची भुकटी पाण्यातच विरघळवतात! पण ऐकतो कोण? मी औषध विकते, पाणी टोचते, मला हाकला, अशा अर्जावर गावभराचे अंगठे उठले. नऊ दिवसांनी, सोमवारी फैसला होता.

हे सगळं मी बांधावर उभ्याउभ्याच, माझ्या नावासकट, त्याला ऐकवलं. त्यानं टिंगल केली नाही.

"पायात पू आहे ना अजून? जाताना चिखलीले उतरून थोडा घेतो. माती अन् पू, दोन्ही तपासतो. चार दिवसांत येतो, शालूबाई."

चार दिवस गेले, सहा गेले, नऊ झाले. एवढा शिकलेला माणूस, आणि शब्दाचा कच्चा! संताप तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे मी रोज एसटीच्या वेळेला दारात यायचे.

सोमवारी मी पंचायतीपुढे एकटी उभी असताना तो घामाघूम होऊन आला. हातात जंतू वाढवायच्या काचेच्या झाकणबशा होत्या.

"हे पाहा. मधे पेनिसिलिनची टिकली ठेवली, तरी मातीतले जंतू तिच्या काठापर्यंत वाढले. पायातलेही हेच. पेनिसिलिन बुरशीचं, अन् बुरशी मातीतलीच. तिच्या शेजारी राहून हे जंतू तिचं औषध पचवायले शिकले, माणसानं सुई करायच्या कितीतरी आधी. बाईंनी औषधच दिलं."

सरपंच भगवंतरावांनी अर्ज घडी करून खिशात घातला. माफी कुणीही मागितली नाही. सोजराबाई तर "माती आमची चांगली होय," म्हणत उठल्या.

बाहेर आल्यावर मी त्यालाच धरलं. "चार दिवस म्हणाले होते ना?"

"पह्यल्याच बशीत दिसलं होतं."

"मग काऊन नाही आले?"

तो बशांकडे बघत राहिला. "मले वाटून राह्यलं होतं... तुमचंच खरं निघावं. अशा माणसाच्या डोळ्यांचा काय भरोसा? म्हणून तीनदा लावलं. शेवटी दोस्ताले पाहायले लावलं, कोणासाठी ते न सांगता."

माझे डोळे भरून आले. अख्ख्या गावानं एकदा पाहून मला चोर ठरवलं होतं.

"अन् उलटं निघालं असतं तर?"

"तरी आलो असतो. खरं तेच सांगितलं असतं... मग तुमच्यासंग गाव सोडलं असतं."

"मग आता विचारा."

"काय?"

"जे नऊ दिवस दाबून राह्यले ते."

त्यानं विचारलं.

"हाव," मी होकार दिला. रागातच.