चौदा तारखेपासून लागू

मंगळवार, ४ ऑक्टोबर १९८८. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मँचेस्टरच्या एका लसीकरण केंद्रात सुखदेव रामटेके या तरुण इंजिनिअरचा फॉर्म नर्स शैला वाघमारे हिच्या हातात आला. रविवारी तो दोन वर्षांसाठी घानाला निघणार होता, विहिरींवर पंप बसवायला. 'यलो फीव्हर'पुढे त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं : झालाय, सहाव्या वर्षी, इथंच.

आडनाव पाहून शैलानं मराठीतच विचारलं, "मँचेस्टरमध्ये यलो फीव्हर? तो तर आफ्रिकेत डासांमुळे येणारा ताप. कोण म्हणालं?"

"माझा आई. डोळे पिवळे झाले होते... कावीळ. यलो फीव्हरच ना?"

"माझी आई. आणि कावीळ म्हणजे जॉन्डिस." तिला हसू आलं, कॅलेंडरकडे नजर गेली तसं ते विरलं. "लस आज देते. पण लशीचं सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, आणि त्याशिवाय घानात शिरू देत नाहीत. चौदा तारखेला."

"रविवारी गेलो नाही, तर जॉब दुसऱ्याला देतील." त्यानं आवाज खाली आणला. "तारीख मागची टाक ना, प्लीज. कोणाला कळणार?"

"मला." सुई टोचताना तिनं वर पाहिलं नाही. "आणि तिथे खरंच ताप आला तर?"

तो बाही खाली ओढून निघून गेला.

गुरुवारी परत आला, कोट भिजलेला. "हात दुखतोय."

"दुखणारच."

"बघ तरी."

तिनं बाही वर सारली... बोटं क्षणभर तिथंच राहिली. "काही झालेलं नाही. राग गेला?"

"अर्धा."

"मग तुम्हाला अर्धा कप चहा पाजते."

चहावर त्यानं सांगितलं— ती जागा गेली होती. दुसरी होती, पण तीन वर्षांची, निघायचं पंधराला. शैलानं कप खाली ठेवला. तिच्या 'नाही'नं एक वर्ष वाढलं होतं. त्यानंतर ती दोघं रोज भेटली.

शुक्रवारी, चौदा तारखेला, केंद्र बंद होताना तो दारात उभा होता. "नोकरीच्या करारावर अजून सही केली नाही. तू थांब म्हणालीस तर थांबतो. मला तू... हवीयेस, शैला."

"मलाही तू हवायस." पहिल्यांदाच ती 'तुम्ही' म्हणाली नाही. "म्हणून थांब म्हणणार नाही. जा."

"मग तू ये."

तिनं केंद्राचे दिवे मालवले.

शनिवारी दुपारी त्याचं विमान सुटलं. बुधवारी सकाळी शैलानं यलो फीव्हरच्या लशीसाठी सहकारी नर्सपुढे स्वतःची बाही वर केली. त्याच संध्याकाळी तिनं रजेचा अर्ज घेतला. त्यात नाव आहे, कारण आहे. 'किती दिवस' ही ओळ तिनं अद्याप भरलेली नाही.