घरचा शब्द

भोळ्या माणसांचा मला राग येतो. दया वगैरे नाही, सरळ राग. जालन्याच्या मस्तगडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि येणारा प्रत्येकजण एकच वाक्य घेऊन येतो: मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. आपोआप काही होत नसतं. कुणीतरी बक्षिसाच्या नादानं बोट दाबलेलं असतं, कुणीतरी फुकटच्या सिनेमापायी घरात घाण आणलेली असते. मी डबा उघडते, स्टीलच्या कारखान्यांची काळी भुकटी ब्रशनं झाडते आणि ब्रशपेक्षा जास्त तोंड चालवते. ताहेराबाईंचं काम चोख, पण जीभ तिखट, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

काकासाहेब आणि उषाबाई भोकरदन नाक्यापलीकडच्या एका नव्या कॉलनीत राहतात. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, शेतीभाती असलेले. काकासाहेबांचे गुडघे गेले तशी शेती भावाच्या हवाली करून दोघं जालन्यात आले. एकुलती मुलगी संध्या मेलबर्नला नर्स आहे. तिच्याशी मोठ्या पडद्यावर बोलता यावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता.

एके दिवशी त्या पडद्यावर भोंगा वाजला, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' अशी लाल अक्षरं आली आणि काकासाहेबांनी इमानदारीत फोन केला. पलीकडचा माणूस सांगेल ते दाबत गेले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला तेव्हा उषाबाईंनी भिंतीतला प्लग उपटला. त्या घरात तेवढं एक शहाणं माणूस होतं. मग मला बोलावणं आलं.

"पोरगं लई अदबीनं बोलत व्हतं गं," काकासाहेब म्हणाले.

"चोर काय शिव्या देत येतो का, काका?"

सगळी दुपार मी तिथं घालवली. नको ते काढून टाकलं, राहिलेले अपडेट भरले, पासवर्ड बदलले. वाय-फायचा पासवर्ड अजून कंपनीनं लावून दिलेलाच होता, तोही बदलला. वरचा कॅमेरा दाखवून म्हटलं, काम नसेल तेव्हा हा डोळा झाकून ठेवायचा. उषाबाईंनी आरशावरची एक मरून टिकली काढून त्यावर चिकटवली.

"घ्या, सवाशीण झाला," त्या म्हणाल्या. मी हसले. त्या बाई मला आवडायच्या.

मग शेवटचं, महत्त्वाचं सांगितलं. आजकाल आवाजही चोरतात, चेहराही चोरतात. रडत फोन येतो, आई मी अडकलेय, आणि आई-बाप हातपाय गाळतात. म्हणून घरातल्या माणसांनी एक शब्द ठरवून ठेवायचा, तिघांनाच माहीत असलेला. शब्द सांगेल ती संध्या, न सांगेल ती कुणीही.

"पोटच्या पोरीला इचारायचं?" काकासाहेबांना ते फार लागलं.

"पोटच्या पोरीलाच विचारायचं. परक्याला तुम्ही तसंही आत घेत नाही."

"आन् दारात येऊन हुबी ऱ्हायली तर?" उषाबाईंनी विचारलं.

"दारात आली तरी. बिलकुल विचारायचं." जरा जोरातच बोलले. जोरात सांगितलं की म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात बसतं, हा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात पडद्यावर संध्याचा कॉल आला. गोल चेहरा, तेल लावून घट्ट बांधलेले केस, मागे फिकट पिस्ता रंगाची भिंत. मी ओळख करून दिली, शब्दाचं काय ते समजावलं. ती म्हणाली, "लई बराबर सांगितलं, ताई." मलाही शब्द कळायला नको म्हणून मी अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिले. आतून तिघांचं हसणं ऐकू येत होतं.

पुढं उन्हाळा लागला. नेट हळू चालतंय म्हणून काकासाहेबांचा फोन आला आणि मी दुपारची गेले. उषाबाई हिरवं लुगडं नेसून कॉम्प्युटरपुढं शेंगा फोडत बसल्या होत्या. पडद्यावर संध्या. बोलणं चालूच होतं, शेजारी बसल्यासारखं, मध्येच थांबत, मध्येच काहीतरी आठवून.

"आधी आईतवारी फोन करायची, ते बी घाईघाईनं," काकासाहेब मला कौतुकानं म्हणाले. "आता रोज दुपारभर बोलून राह्यली. लई बदलली पोरगी."

"शब्द विचारता का?"

"रोज. रोज बराबर सांगती."

मला बरं वाटलं. माझं ऐकणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं.

नेट का हळू चालतंय ते बघायला मी माझा लॅपटॉप वायरनं जोडून वाय-फायच्या डबीच्या सेटिंगमध्ये शिरले. माझा सोडून त्या घरच्या नेटवर दोन यंत्रं असायला हवी होती, हा कॉम्प्युटर आणि काकासाहेबांचा फोन. तिथं तीन होती. तिसऱ्याचं नाव होतं 'संध्या'. शेजारचं कुणीतरी फुकट नेट ओढतंय, नाव गमतीनं दिलंय, असं मी धरलं आणि पासवर्ड बदलून तिन्ही यंत्रांना बाहेर काढलं. पडद्यावरची संध्या गेली.

पासवर्ड मी अजून कुणाला सांगितला नव्हता. कॉम्प्युटरलासुद्धा दिला नव्हता. डबीत 'संध्या' परत जोडली गेली.

मी पुन्हा बदलला. पुन्हा तेच.

वायफळ विचार करायची मला सवय नाही. डबी खराब असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कॉम्प्युटर जोडून दिला, कॉल लगेच आला आणि संध्या म्हणाली, "आई, हिरव्या लुगड्यावर शेंगाची टरफलं सांडली बघ."

उषाबाईंनी हसत पदर झटकला.

कॅमेऱ्यावर टिकली होती. तीच, मरून. कडेनं धूळ धरली होती.

"काकू, ही काढत नाही का तुम्ही?"

"कशाला? तिला दिसतंय की."

पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठले. स्वयंपाकघराच्या अलीकडे एक कडी लावलेली खोली होती. गावाकडून आणलेलं संध्याचं सामान त्यात ठेवलंय, असं काकासाहेबांनी कधीतरी सांगितलं होतं. मी कडी काढली. लोखंडी कॉट, शाळेतल्या दोन ढाली, कपड्यांची ट्रंक. भिंत फिकट पिस्ता रंगाची. एखादा जुना फोन चालू राहिलाय का म्हणून मी कॉटखाली, ट्रंकेत, गादीखाली सगळीकडे हात घालून पाहिला. काही नव्हतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळायला आलं होतं आणि त्या खोलीची फरशी माठासारखी गार होती.

मागून उषाबाई आल्या, कडी लावली आणि म्हणाल्या, "तिच्या खोलीत नको शिरू, ताहेरा. तिला आवडत न्हाई."

मी त्या घरी जायचं टाळायला लागले.

मग दुकानात फोन आला. बाहेरच्या देशाचा नंबर, बाईचा घाईचा, चिडलेला आवाज. "मी संध्या. आई-बाबांना तुम्ही काय शिकवून ठेवलंय? मी फोन केला की शब्द सांग म्हणतात आणि ठेवून देतात. कसला शब्द?"

"तुमच्यासमोरच ठरला," मी म्हणाले. "पडद्यावर तुम्हीच होतात."

"मी नव्हते. मी पडद्यावर आले त्याला वर्ष होईल. मला ड्युटीतून वेळ मिळत नाही, मी नुसता फोन करते."

पुढं एक गोष्ट मी केली, आणि आजही तसा फोन आला तर तीच करीन. मी म्हटलं, "तुम्ही संध्याच कशावरून?"

तिनं एक शिवी दिली आणि फोन आपटला.

ती खरोखर आली. विमानतळावरून टॅक्सीनं थेट माझ्या दुकानात, चाकांची मोठी बॅग ओढत. पडद्यावरच्या मुलीपेक्षा वयानं मोठी दिसत होती, वाळलेली, केस खांद्यापर्यंत कापलेले. डोळे मात्र उषाबाईंचे. "तुम्ही चला," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात ते."

आम्ही पोचलो तेव्हा कॉलनी उन्हानं सामसूम होती. दाराला आतून कडी. तिनं हाक मारली, "आई!" दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला.

खिडकीच्या गजांमागे उषाबाई आल्या. मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शब्द?"

"आई, मी आहे गं. मी आलेय."

"शब्द सांग."

ती सांगायला लागली. गाईचं नाव सांगितलं. स्वतःचं लाडाचं नाव सांगितलं. आजोळचं, शाळेचं, मेलेल्या आजीचं. जे आठवेल ते. प्रत्येक नावाला उषाबाई मान हलवत होत्या, नाही, नाही, अगदी शांतपणे. दारावरच्या फेरीवाल्याला नको म्हणावं तशी.

संध्यानं मनगट गजांत घातलं. "हा डाग बघ. तुझ्याच तव्यानं भाजलं होतं. तूच हळद लावली होतीस."

"डाग बी करता येत्यात म्हणं आजकाल," उषाबाई म्हणाल्या. "आवाज चोरत्यात, चेहरा चोरत्यात. ताहेरानंच सांगितलं."

मागे काकासाहेब उभे होते. त्यांची हनुवटी थरथरत होती, पण ते पुढं आले नाहीत.

"बाबा," संध्या म्हणाली.

"आमची संध्या घरात हाय," उषाबाई म्हणाल्या.

आणि आतून, त्या कडीच्या खोलीच्या बाजूनं, आवाज आला. "आई, कोण आलंय गं?"

बाहेरची संध्या शहरी मराठी बोलत होती. आतला आवाज पिंपळगावचा होता.

"कुणी न्हाई, बाई," उषाबाईंनी आत वळून सांगितलं.

संध्या पायरीवर बसली. रडली नाही. तोंड उघडं ठेवून नुसती ऐकत होती, आत आता भांडी लावल्याचा आवाज येत होता.

मग तिनं माझा हात धरला. "तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहितेय मीच आहे."

उषाबाईंनीही मलाच विचारलं. "तू सांग, ताहेरा. ही कोण?"

गजांतून मला आतला बोळ दिसत होता. कॉम्प्युटर बंद होता, पडदा काळा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. तेल लावून घट्ट बांधलेले केस.

ते हळूहळू वळायला लागलं.

मी घाबरले होते. त्यानं माझ्याकडे बघू नये, एवढंच मला हवं होतं.

"मला काय माहीत, काकू," मी म्हणाले. "शब्द नाही, तर दार नाही."

खिडकी लागली. माझ्या हातावरची संध्याची बोटं एकेक करून सुटली. मी रिक्षा बघायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेले आणि मागे न बघता तशीच मस्तगडात आले. संध्या त्या पायरीवर रोज दुपारी येऊन बसत होती, असं कॉलनीतल्या गोजरबाई भाजीवालीनं सांगितलं. मग दिसेनाशी झाली.

पावसाळ्याच्या तोंडाला काकासाहेब दुकानात आले. अंगातला सदरा लोंबत होता, गालफडं बसली होती. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला.

"संध्यानं केलेत. तुझ्यासाठी धाडले."

त्यांच्यादेखत नाही कसं म्हणायचं म्हणून मी एक घास तोडला. ज्वारीचं धपाटं चांगलं खरपूस भाजलेलं होतं. मीठ मात्र कणभर नव्हतं.

"ती घरात मीठ ठिवू देत न्हाई," ते म्हणाले. "आधी जड गेलं. उषाला तर आता चवच कळंना."

मग त्यांनी खिशातला फोन काढला, गळ्यातल्या रुमालात गुंडाळला, पिशवीच्या तळाशी घातला, पिशवी दाराबाहेर पायरीवर ठेवली आणि लंगडत परत आले. माझ्या कानाशी वाकले.

"ताहेरा, तो शब्द बदलता येतो का गं? आत आलेल्याला भाईर काढायचं असलं तर?"

"शब्द आत येणाऱ्याला विचारतात, काका," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? "संध्याला फोन करा. तुमच्या संध्याला. झालं गेलं सांगा, ती येईल."

"केल्ता," ते म्हणाले. "चोरून केल्ता, देवळातून. उचलला बी. मी म्हणलं, बाई, मी बाबा बोलून राह्यलो, चूक झाली, ये." ते थांबले. ओठ चाटले. "तिनं इचारलं, तुम्ही माझे बाबाच कशावरून? म्हणली, शब्द सांगा."

"मग?"

"मंग मी सांगितला. मला तोच एक माहीत. ती म्हणली, हा माझा न्हाई. आन् ठिवला."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली आणि मग दुकान अगदी शांत झालं. पायरीवरची पिशवी तशीच होती. तिच्यात काही वाजलं नव्हतं, मी देवाशपथ सांगते, काहीसुद्धा वाजलं नव्हतं.

काकासाहेबांनी दचकून दाराकडे मान वळवली.

"आलो, बाई, आलो," ते म्हणाले आणि चपला माझ्या दुकानातच सोडून अनवाणी पायरी उतरले.