तळघरातला प्रिंटर

जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीतल्या बाराही संगणकांवर नवी सिस्टिम चढवली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही प्रिंटर ओळख दाखवेना. सुधारणा झाली की आधी चालणारं बंद पडतं, हा कचेऱ्यांचा जुनाच शिरस्ता. दोन दिवस कागदोपत्री ना कुणी जन्मलं, ना मेलं. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून संगणक-प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या केबलकाकांना बोलावणं गेलं.

केबलकाका पन्नाशीचे, अबोल. घरी ते आणि त्यांची म्हातारी आई. थोरला भाऊ नऊ वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला, तो परतला नाही. बोटही परतली नाही, की तिच्यावरचं दुसरं कुणी. आई म्हणायची, "येईल. उशीर करायची खोडच आहे त्याला."

दुपार संथ होती. खिडक्यांतून आलेलं पिवळट ऊन टेबलांवर आडवं होऊन झोपी गेलं होतं. जुन्या कागदांचा गोडसर वास दरवळत होता. किल्ल्या सांभाळायला आलेल्या कारकून बाई खुर्चीत पेंगत होत्या. तेवढी एक कामाची सवय त्यांनी सुट्टीतही सोडली नव्हती. काका एकेका संगणकावरून जुना प्रिंटर काढत, नव्याने जोडत, चाचणीचं पान उमटलं की पुढे सरकत. मुख्य संगणकाच्या यादीत मात्र एक नाव जास्तीचं निघालं: तळघर.

"बाई, तळघरात प्रिंटर आहे?"

"तळघरात?" बाईंनी एक डोळा उघडला. "पाणी शिरलं तेव्हापासून कुलूप आहे तिथे. प्रिंटर भंगारात गेला, अकरा वर्षं झाली. सही माझीच आहे, काका."

काकांनी ते नाव काढून टाकलं. ते परत आलं. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. शेवटी त्यांनी त्या प्रिंटरला नेटवर्कवरून हाक मारून पाहिली. उत्तर ताबडतोब आलं. बाईंच्या टेबलावरच्या प्रिंटरपेक्षाही लवकर.

त्यांनी त्याच्या कामांची रांग उघडली. चाळीस कागद छापायचे राहिले होते. चाळीसही मृत्यूचे दाखले, प्रत्येकापुढे एकेक नाव. पहिलं नाव दादाचं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'छपाई सुरू होत आहे.'

फरशीखालून बारीक घरघर उठली. कागद आत ओढण्याआधी यंत्र अंग गरम करतं, तशी.

"तुम्हाला... ऐकू येतंय?"

बाईंनी मान डोलावली. त्यांची झोप पार उडाली होती. त्यांनी वाकून पडदा वाचला आणि हळूच विचारलं, "हे... तुमचे दादा?"

"हो."

"छापू द्या, काका. नऊ वर्षं झाली. एकदाचं कळेल तरी."

"मला कळेल हो. आईला सांगायचं कुणी?"

घरघर वाढली. काकांनी दादाच्या नावावर बोट नेलं आणि 'रद्द' दाबलं. त्या नावापुढे 'रद्द होत आहे...' अशी अक्षरं उमटली आणि तिथेच राहिली. खालचा आवाज थांबला. पहिला कागद असा अर्ध्यात अडकला की मागचे सगळे अडतात, हे काकांना पाठ होतं. एरवी त्यांनी मिनिटभरात रांग साफ करून दिली असती.

"मागच्यांचं काय?" बाई कुजबुजल्या. "एकोणचाळीस आहेत..."

"थांबू देत."

दोघांनी दिवे मालवले, दाराला कुलूप लावलं. रस्त्यावरचं ऊन इतकं मऊ होतं, की काकांना आपण चालतोय की कुणी अलगद वाहून नेतंय, ते कळेना.

आई दारातच उभी होती. चेहरा असा उजळलेला, की ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"दादाचा फोन आला होता!"

काका चप्पल काढता काढता थांबले. "कधी?"

"दुपारी. आवाज लांबून येत होता, पण त्याचाच. म्हणाला, धाकट्याला सांग, वेळेवर थांबवलंस. काय रे थांबवलंस?"

"आणखी... काय म्हणाला?"

"निघालोय म्हणाला. पण म्हणे, माझ्यामुळे मागची एकोणचाळीस माणसं खोळंबली, त्यांना आता कुठे टाकू? घरीच घेऊन येतो." आई लगबगीनं स्वयंपाकघराकडे वळली. तिथून तिचा आनंदी, काळजीतला आवाज आला, "चाळीस जण म्हणजे... ताटं आहेत का रे आपल्याकडे तेवढी?"