दुसरा खटका

मी सांगते ते घडलेलं आहे. त्या मांडवातली निम्मी माणसं अजून नागपूरच्या इंदोऱ्यात राहतात. त्यांना विचारा. बोलणार नाहीत, पण खोटं आहे असंही म्हणणार नाहीत.

१९७४ चा मे महिना. दिवस मावळत होता, तरी नागपूरची गरमी हटत नव्हती. आमच्या गल्लीत गोपिकाच्या लग्नाचा मांडव होता.

आधी माझ्या भावाबद्दल सांगते.

चंद्रभानदादा मिलमध्ये कामाला होता आणि आनंदरावांच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ॲम्प्लिफायर त्याचा स्वतःचा. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून गेला, त्याच्याकडून घेतलेला. काळा, जड, जुन्या रेडिओसारखा वॉल्ववाला. घरात आम्ही त्याला डबाच म्हणायचो.

त्याला चालू-बंद करायचे दोन खटके होते. दुसऱ्याजवळ ‘स्टँडबाय’ लिहिलेलं.

"पहिला लावला का वॉल्व तापतात," दादा सांगायचा. "लगेच आवाज नाही मागायचा, प्रेमा. थोडं थांबून मंग दुसरा. अन् मधात चहा प्यायले गेलो तर फक्त दुसरा खाली करायचा. डबा गरम राहते, पण त्याच्यातून आवाज निघत नाही."

मग दादाला कावीळ झाली. तो खाटेवर पडला.

आनंदराव आले. "एका प्रोग्रामपुरता डबा नेतो, माय," म्हणाले.

तो परत आलाच नाही.

दादा रोज विचारायचा, "माय वं, आनंदरावानं डबा आणला का?" माय म्हणायची, "उद्या आणते म्हणे."

एका दुपारी दादा गेला. मी कॉलेजात होते, माय नळावर. शेजारच्या तुळसाबाईला भिंतीतून त्याचा आवाज आला होता… "माय… पाणी." तिला वाटलं, माय घरातच असेल.

माय भरली घागर घेऊन आली, तेव्हा सगळं संपलं होतं.

मयतीला ऑर्केस्ट्रातलं कोणी आलं नाही. त्यांचा सावनेरला प्रोग्राम होता. दादाच्याच डब्यावर.

आणि आता तोच डबा गोपिकाच्या मांडवात होता.

माय दार लावून घरात बसली. मी गेले. नवा गिटारवाला वाजवत होता. मी पंगतीत बसले.

मध्ये जेवणाची सुट्टी झाली. आनंदरावांनी दुसरा खटका खाली केला. गिटारवाल्यानं वायर काढून गिटार पेटीत ठेवली. सगळे खाली उतरले.

स्टेज रिकामं.

आणि…

टंग.

डब्यातून एक तार वाजली. थोडी उतरलेली. पुन्हा वाजली, थोडी चढलेली. कोणीतरी सूर लावत होतं.

दादा सगळ्यात बारीक तार आधी लावायचा. बाकी सगळे जाड तारेपासून सुरू करतात.

ही बारीक तार होती.

"काय खरखरून राहिलं बे?" आनंदराव हसत वर गेले. खटका पाहिला. खालीच होता.

त्यांनी पहिलाही बंद केला. लाल दिवा विझला.

टंग…

त्यांनी बोर्डातून प्लगच उपटला.

तार थांबली. पंगतीतले हात थांबले.

मग डब्यातून… खोकला आला.

आणि अगदी हळू, शेजारच्या खोलीतून यावा तसा आवाज…

"माय… पाणी."

आनंदराव प्लग हातात धरून तसेच उभे. तोंडाचा रंग उडालेला.

तेवढ्यात मागची माणसं बाजूला सरली.

माय येत होती. अनवाणी. हातात पाण्याचा गिलास, काठोकाठ भरलेला. आमचं घर गल्लीच्या त्या टोकाला. तिथं हा आवाज कसा पोचला, मला माहीत नाही.

तिनं गिलास डब्यासमोर ठेवला. शेजारी बसली.

"आली रे बापा, आली. नळावर गर्दी होती."



सकाळी डबा सायकलरिक्षातून आमच्या दारात आला. आनंदराव आले नाहीत. पुढं कधी समोर दिसले, तर रस्ता बदलायचे.

मायनं डबा खाटेजवळ ठेवला. रोज दिवेलागणीला पहिला खटका लावायची. दुसरा कधीच नाही. जाळीच्या कापडाला कान लावून बसायची. मीही तिच्याजवळ बसायचे.

मला कधीच काही ऐकू आलं नाही.

वर्षं गेली. माय थकली, खाटेला खिळली. एकदा मी न राहवून विचारलं, "माय, इतकी वर्षं बसली तू डब्यापाशी. दादा परत एकदा तरी बोलला का वं?"

तिनं नवलानं माझ्याकडे पाहिलं.

"रोज बोलते."

मी खाटेवर वाकले. "मंग मले काहून ऐकू नाही येत? काय म्हणते तो?"

मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली…

"तो म्हणते, प्रेमाले सांगू नको."

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. तशीच गेली.

दादाच्या आजारात मी त्याचे पाय दाबले. त्याला पेज भरवली, त्याची घाण काढली. मी त्याचं काय वाईट केलं होतं? मायनं जाताना माझ्याकडे पाठ करावी, असं तो तिला काय सांगत होता?

डबा आता माझ्या हुडकेश्वरच्या घरात, मागच्या खोलीत आहे. वायर मी कापून टाकली आहे. संध्याकाळी त्या खोलीत मी पाय ठेवत नाही.

कधीकधी दाराबाहेरूनच विचारते, "मले काहून नाही सांगायचं गा, दादा?"

आणि घाईघाईनं निघून येते… उत्तर यायच्या आत.