सातची माळ आणि बंद केलेलं शेड्यूल

ही बनवलेली गोष्ट नाही. कॅनडातल्या एटोबिकोमधल्या त्या घरात आमच्यातले निम्मे लोक जेवून आलेत. मेव्हिस आजही तिथेच राहते. पटलं तर वाचा, नाहीतर द्या सोडून.

मागच्या जानेवारीतली संध्याकाळ. बाहेर बर्फ, आणि पाचलाच काळोख.

मेव्हिसची सासू, सिसिलियाबाई, नाताळाच्या आधी गेली. मूळची वसईची. बाई भलतीच कडक! रोज सातला सगळ्यांनी हॉलमध्ये गुडघे टेकून माळेची प्रार्थना म्हणायची म्हणजे म्हणायची. जमीन गार लागू नये म्हणून तिने मुलाकडून, पास्कलकडून, थर्मोस्टॅटवर शेड्यूल लावून घेतलं होतं. माळेच्या आधी हीटिंग वाढायचं, माळ संपली की उतरायचं.

ती गेली. माळ बंद पडली.

हीटिंग मात्र नेमाने चालू... रिकामा हॉल रोज तापायचा.

मेव्हिस वैतागली. "मेल्यावरसुद्धा घर आईंच्याच घड्याळावर चालायचं का?"

"राहू दे ना," पास्कल म्हणाला. "तेवढीच तिची आठवण."

ऐकेल ती मेव्हिस कसली! तिने शेड्यूल काढून थर्मोस्टॅट मॅन्युअलवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला ती किचनमध्ये भाजी चिरत होती. घर तापवणारी फर्नेस बंद. घर चिडीचूप.

आणि हॉलमधून पुटपुटणं ऐकू आलं...

तान्या. त्यांची पाच वर्षांची पोर. एकटीच गुडघे टेकून बसलेली. तोंड जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीकडे.

ती ऐकायची... थांबायची... मग म्हणायची, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."

मेव्हिस हातातली सुरी घेऊनच दारात थबकली.

माळ म्हणताना प्रार्थनेचा पहिला अर्धा एक जण म्हणतो, दुसरा अर्धा बाकीचे. तान्या फक्त दुसरा अर्धा म्हणत होती. तेही स्वच्छ मराठीत! आजी होती तेव्हा ह्या कार्टीने एक ओळ धड म्हटली नव्हती.

मग पहिला अर्धा कोण म्हणत होतं?

"तान्या, कोणाशी बोलतेस गं?"

"ग्रँडमा इज कोल्ड, मम्मा."

मेव्हिसने तिला उचललं. पोरीचे हात बर्फासारखे गार! तिने हीटिंग वाढवलं. घरात सगळ्यांना घाम फुटला.

तान्या गारच.

डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल. पण पोर हसेना, जेवेना. रोज सातला जाळीपाशी जाऊन बसायची आणि उठायची ती आणखी गार होऊन. मेव्हिस तिला पोटाशी घेऊन रडायची.

"मेव्हिस, पुरे झालं," पास्कल म्हणाला. "लाव ते परत."

तिने शेड्यूल परत लावलं. संध्याकाळी फर्नेस घुरघुरली. तिघंही गुडघ्यांवर बसली.

"आई, चुकले मी," मेव्हिस हात जोडून म्हणाली. "माझ्या पोरीला सोडा."

अर्धी माळ होईपर्यंत तान्याचे गाल लाल झाले. हात ऊबदार झाले. मेव्हिसच्या जिवात जीव आला.

माळ संपली की घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची पद्धत. घरातलं सगळ्यात लहान मूल नावं घेतं. बाकीचे प्रत्येक नावाला म्हणतात, त्यांच्या आत्म्याला शांती लाभो.

तान्याने आजोबांचं नाव घेतलं. मग आजीचं.

मग थांबली... जाळीकडे कान केला... मान डोलावली.

"अँड तान्या."

मेव्हिसने तिचं तोंड दाबलं. त्या नावाला 'शांती लाभो' कोणीच म्हटलं नाही.

आणि मेव्हिसच्या हाताखाली ते लाल गाल पुन्हा गार पडायला लागले...

आज तान्या ठणठणीत आहे. शाळेत जाते, बर्फात खेळते. पण रोज संध्याकाळी ती आजीनंतर स्वतःचं नाव घेते.

आणि मेव्हिस, तिची सख्खी आई, डोळे मिटून म्हणते, "तिच्या आत्म्याला शांती लाभो."