तीन पेडांची वेणी

"मथुराक्का, चिरुटाने माणूस मरतो का?"

गुरुवारी सकाळी सब-इन्स्पेक्टर हेमावती सज्जनचा फोन आला तेव्हा मथुरा हुदार पोह्यांना फोडणी घालत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"मरतो. पण तीस वर्षं लागतात."

"हा वीस मिनिटांत मेला. प्रभंजन मुतालिक."

मथुराबाईंनी पोहे झाकले. केशवापुरातल्या त्यांच्याच गल्लीत चार घरं सोडून मुतालिक वकिलाचा बंगला होता. रविवारी तो गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, पण हृदय बंद पडलं असं सगळे म्हणत होते. त्यांना दुःख झालं नव्हतं. मेला म्हणून माणूस चांगला होतो, असं त्यांना कधी वाटलं नाही.

मुतालिकने निवृत्तीनंतर एक छंद लावून घेतला होता. स्वस्त, गावठी, वेड्यावाकड्या आकाराचे चिरूट आणायचे, दर रविवारी दुपारी चारला दोन मित्रांबरोबर ओढायचे आणि त्यावर अहवाल लिहून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. पोटाशी फुगलेला चिरूट, चपटा चिरूट, दोन्ही टोकांना निमुळता चिरूट; एकही त्याच्या तावडीतून सुटला नाही. वाईट चिरूट तो अर्ध्यावर टाकत नसे. शिव्या द्यायच्या तर पूर्ण ओढायला हवा, असं त्याचं म्हणणं. मथुराबाईंनी एकतीस वर्षं निपाणीकडच्या गोदामांत तंबाखूची प्रतवारी केली होती. पान नुसतं हुंगून त्या ते कुठल्या मातीतलं ते सांगत. मुतालिकच्या अहवालात तंबाखूबद्दल एक वाक्यसुद्धा खरं नसायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"लॅबचा रिपोर्ट काल आला," हेमावती म्हणाली. ती कन्नडमध्ये बोलत होती आणि मथुराबाई मराठीत. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. "चिरुटाच्या तोंडात धरायच्या टोकाला विष होतं. मुतालिक टोक चावत ओढायचे. आम्ही सोमवारीच संशयावरून अंबूताईला उचललं. तो चिरूट तिने वळलेला."

"आणि आता मला का फोन?"

"म्हातारी तीन दिवस एकच वाक्य बोलतेय. 'तो माझ्या हातचा नव्हे.' मला तंबाखूतलं काही कळत नाही, अक्का."

अंबूताई दुर्गदबैलाच्या बाजारात एका फळीवर बसून चिरूट वळायची. तिची खासियत म्हणजे वेणी. तीन ओले चिरूट एकमेकांभोवती पिळून दोन ठिकाणी दोरा बांधायचा आणि वाळवायचे. दोरा कापला की तीन चिरूट सुटे होतात, पण प्रत्येकाला सापासारखा पीळ राहतो. तीन मित्रांनी एकेक ओढावा, अशी कल्पना.

आठवड्यापूर्वी मुतालिकने तिच्या वेणीवर लिहिलं होतं, 'गोवरीला वळण दिलं की अंबूताईचा चिरूट होतो.' कुणीतरी ते तिला वाचून दाखवलं. ती बंगल्याच्या फाटकाशी येऊन ओरडून गेली, "तुझ्या तोंडात माती पडेल!" तरी हा माणूस पुढच्या रविवारसाठी तिच्याचकडून दुसरी वेणी घेऊन आला. पोलिसांना तेवढं पुरलं.

ठाण्यात अंबूताई बाकावर ताठ बसली होती. मथुराबाईंनी तिच्यापुढे वर्तमानपत्राच्या तीन भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या.

"वेणी घाल."

म्हातारीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. उजव्या हाताने पट्ट्यांची टोकं धरली, डाव्या हाताने चटाचट पीळ दिला आणि वेणी टेबलावर टाकली. "कागदाची मागणारी पहिलीच भेटलीस."

मथुराबाईंनी ती वेणी पिशवीत घातली आणि हेमावतीकडून जागेवरचे फोटो मागून घेतले. रक्षापात्रात दोन थोटकं होती. मुतालिकच्या खुर्चीखाली पडलेला तिसरा चिरूट जेमतेम तिसरा हिस्सा जळला होता. त्याचा पीळ स्पष्ट दिसत होता. मथुराबाईंनी तो फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

"हेमावती, वेणीतल्या एकाच पेडाला विष होतं ना?"

"हौदु, एकाच."

"मग तो पेड मुतालिकच्याच वाट्याला जाईल, हे बाजारात बसलेल्या बाईला कसं कळणार?"

हेमावतीने लॅबचा रिपोर्ट पुन्हा उघडला.

बंगल्यात मुतालिकची मुलगी दीपश्री भेटली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"त्या दुपारी तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. चहा घेऊन व्हरांड्यात आले तर डांबरगोळीचा वास. मला वाटलं, बाबांनी जुना कोट काढला की काय."

"बाबांचं कुणाशी वाकडं होतं?"

"कुणाशी सरळ होतं ते विचारा, मावशी." दीपश्रीने डोळे पुसले. "शनिवारीच हसत होते. म्हणाले, पुढच्या रविवारी बाजारातल्या चार व्यापाऱ्यांना बोलावतो आणि सगळ्यांसमोर श्रीहरीचं नाक कापतो. मी म्हटलं, कशाला उगाच मित्राचा अपमान? तर आणखीच हसले."

मुतालिकची वही टेबलावर होती. शेवटची नोंद रविवारची. मथुराबाईंनी मोठ्याने वाचली.

"'माझ्या वाट्याच्या पेडाला डांबरगोळीचा अस्सल सुगंध. म्हातारी आता चिरूट नव्हे, कपाटं वळते. तरी शेवटपर्यंत ओढणार. वाचकांसाठी एवढं सोसतो.'" त्यांनी वही मिटली. "शेवटपर्यंत काही जमलं नाही."

हेमावतीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

पहिला मित्र वेंकटेश गलगली. धारवाडच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. मुतालिकने त्याच्या पुस्तकाची इतकी टर उडवली होती की प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढलीच नाही. त्याबद्दलचा राग तो लपवतही नव्हता.

"मी त्याचा द्वेष करत होतो, बाई. पण दर रविवारी धारवाडहून बस पकडून यायचो. का ते विचारू नका."

"विचारत नाही. वेणी कुणी सोडवली?"

"दोरा मी कापला. मुतालिकने कात्री माझ्या हातात दिली होती."

"आणि वाटले कुणी?"

"श्रीहरीने. ते त्याचं काम. आधी हुंगणार, मग देणार. हुंगताना आमच्याकडे पाठ करतो. नाकाला एकांत लागतो म्हणे." गलगलीने ओठ वाकडे केले.

"मुतालिकच्या चिरुटाला वास येत होता?"

"डांबरगोळीचा. माझ्या खुर्चीपर्यंत. मी म्हटलं फेकून दे. ऐकणाऱ्यांतला होता का तो?"

दुसरा मित्र श्रीहरी मिरजकर. अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीचा दलाल. आजोबा मिरजेहून आलेले, तिसऱ्या पिढीचा धंदा. पोत्यात हात घालून मूठभर मिरची नाकाशी धरायची आणि डोळे मिटून जात, पाऊस, साठवण सगळं सांगायचं, अशी त्याची ख्याती. शेतकरी त्याला 'मूगप्पा' म्हणत. कन्नडमध्ये मूगु म्हणजे नाक. यार्डातल्या त्याच्या गाळ्यात शिरताच मथुराबाईंच्या घशाशी ठसका आला, हेमावतीला सहा शिंका आल्या. श्रीहरी शांतपणे त्यांच्याकडे पाहत बसला होता.

"त्या दिवशी तिन्ही चिरूट तुम्ही हुंगलेत?"

"अर्थात. माझ्याशिवाय कोण हुंगणार?"

"काही वेगळं जाणवलं?"

"काही नाही. तिन्ही सारखे. ओल्या मातीचा वास, मागून थोडा गूळ. अंबूताईचं पान गोडच असतं. बाई गरीब आहे, पण पान चांगलं आणते. असं करेल वाटलं नव्हतं."

"मुतालिकच्या चिरुटाला गुळाचा वास होता?"

"शपथेवर सांगतो."

बाहेर आल्यावर हेमावती नाक पुसत म्हणाली, "हा खोटं बोलतोय. पण का?"

"खोटं बोलणं वेगळं," मथुराबाई म्हणाल्या. "याला खरं काय तेच ठाऊक नाही. याच्या घरच्या झडतीचा कागद काढ. गरम कपड्यांची पेटी आधी बघ. आणि लॅबमधून तो चिरूट मागव."

शुक्रवारी दुपारी मुतालिकच्या व्हरांड्यात सगळे जमले. दीपश्री, गलगली, श्रीहरी आणि हेमावतीबरोबर आलेली अंबूताई. मथुराबाईंनी टेबलावर दोन बश्या ठेवल्या. प्रत्येकीत एकेक चिरूट, वर पेला पालथा घातलेला.

"मिरजकर, यातला एक अंबूताईच्या फळीवरून आणलाय. दुसरा कुठला, ते तुम्ही सांगायचं."

श्रीहरी हसला. त्याने दोन्ही बश्या मांडीवर घेतल्या आणि खुर्ची वळवून पाठ केली. पहिला पेला उचलला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. मग दुसरा. दुसरा पेला उचलताच गलगलीने रुमाल नाकाला लावला आणि दीपश्री दोन पावलं मागे सरली.

"पहिला निपाणीकडचा," श्रीहरी म्हणाला. "दुसरा त्याच पानाचा, जरा जुना. मध आहे त्यात."

अंबूताई तोंडावर पदर धरून म्हणाली, "मध? अय्यो, डांबरगोळ्या आहेत त्या!"

श्रीहरीने डोळे उघडले.

"काल रात्रभर तो चिरूट मी डांबरगोळ्यांच्या डब्यात ठेवला होता," मथुराबाई म्हणाल्या. "श्रीहरी मिरजकर, तुम्हाला वास येत नाही. कधीपासून?"

त्याने हातातला पेला पुन्हा बशीवर पालथा घातला.

"बरं, मग मीच सांगते. रविवारी मुतालिकला मिळालेल्या चिरुटाला डांबरगोळीचा वास होता. त्याने स्वतः तसं लिहिलं. दीपश्रीला तो आला, गलगलींना खुर्चीतून आला. तुम्ही तो नाकाशी धरून हुंगलात, आणि तुम्हाला गूळ आला. ज्याला वास येतो त्याने असला चिरूट कुणाच्या हातात दिलाच नसता. लगेच उघडं पडलं असतं. विष लावलेला पेड डांबरगोळ्या टाकलेल्या लोकरीच्या कपड्यांत लपवून वाळवायचा, हे फक्त नाक मेलेल्या माणसालाच सुचू शकतं."

"पुरावा?" श्रीहरी म्हणाला. मुतालिकच्या संगतीने तो शब्द त्याला सवयीचा झाला असावा.

मथुराबाईंनी पिशवीतून कागदाची वेणी काढली. "ही अंबूताईने ठाण्यात माझ्यासमोर घातली. ती डावरी आहे. तिचा पीळ डावीकडे जातो. तिच्या फळीवरची प्रत्येक वेणी मी पाहिली, एकीचाही पीळ उजवा नाही. रक्षापात्रातली दोन्ही थोटकं डाव्या पिळाची आहेत. मुतालिकच्या खुर्चीखालचा चिरूट उजव्या पिळाचा आहे. म्हणजे तो त्या वेणीतला नव्हेच. वेणी सुटल्यावर कुणीतरी एक पेड बदलला. त्या वेळी पाठ करून कोण बसलं होतं, ते गलगलींनी सांगितलंय."

हेमावतीने पाकीट उघडलं. "सकाळी तुमच्या घरी लोकरीच्या शालींच्या पेटीत हे सापडले." तिने दोन पिळाचे चिरूट टेबलावर ठेवले. मग लॅबच्या पिशवीतला अर्धवट जळलेला चिरूट, पिशवीसकट, त्यांच्या शेजारी सरकवला. तिन्हींचे बाक एकमेकांत अचूक बसत होते.

"साधे चिरूट आणलेत, भिजवलेत, घरी बसून वेणी घातलीत," मथुराबाई म्हणाल्या. "पीळ हुबेहूब यावा म्हणून तिन्ही एकत्रच वळावे लागले. एक वापरला. उरलेले दोन फेकायचा आळस केलात. खिशात घातलेला अंबूताईचा तिसरा तेवढा टाकून दिला असेल. आणि मुतालिक पुढच्या रविवारी तुमचं नाक कापणार होता ते अगदी शब्दशः. तुमचे डोळे बांधून, व्यापाऱ्यांसमोर मिरची हुंगायला लावणार होता."

श्रीहरीच्या चेहऱ्यावरची ऐट उतरली. तो अचानक म्हातारा दिसू लागला.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "एक मोठा ताप आला, त्यानंतर वास गेला तो गेलाच. रंग बघून, आवाज ऐकून, देठ मोडून मी अंदाज सांगतो. चुकत नाही. पण यार्डात कळलं असतं तर मूगप्पाच्या गाळ्यात कुणी पोतं उतरवलं नसतं."

"मुतालिकला कसं कळलं?"

"मीच सांगितलं." त्याने मान खाली घातली. "मित्र म्हणून. एका माणसाला तरी सांगावंसं वाटलं. घरी आमटी करपते, मला कळत नाही, बायकोला वाटतं, मी तिला रागावत नाही म्हणून चांगला. हे सांगताना मी रडलो त्याच्यापुढे. तो पाठीवरून हात फिरवत होता. आणि दोन दिवसांनी फोन करून विचारतो, रविवारी कुणाकुणाला बोलावू?"

गलगली खिडकीबाहेर पाहत होता. दीपश्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मथुराबाईंच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. मग त्यांनी अंबूताईकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची ती बाई चार दिवस ठाण्याच्या बाकावर बसून होती, आणि हा माणूस काल गाळ्यात बसून 'बाई गरीब आहे' म्हणाला होता.

"मुतालिक नीच होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्याशी हिशेब मिटवलात, ते मला एक वेळ समजेल. पण फासावर तिला चढवणार होतात. त्या चिरुटाला तिच्याच पानाचा वास होता, असं तुम्ही मला शपथेवर सांगितलंत. उठा."

हेमावतीने त्याला जीपकडे नेलं. पायऱ्या उतरताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

मथुराबाई अंबूताईला रिक्षाने दुर्गदबैलाला घेऊन गेल्या. फळीखालच्या टोपल्यात भिजवून ठेवलेली पानं चार दिवसांत काळी पडून बुरसली होती. म्हातारीने ती एकेक उचलून गटारात टाकली. तोंडाने कन्नडमधल्या शिव्या अखंड चालू होत्या. पोलीस, वकील, दलाल, कुणालाही तिने सोडलं नाही. तळाशी कोरडी पानं होती. ती घेऊन तिने एक साधा चिरूट वळला आणि मथुराबाईंपुढे धरला.

"एवढं हुंगत फिरलीस. ओढ की."

मथुराबाईंनी उभ्या आयुष्यात चिरूट ओढला नव्हता. त्यांनी काडी मागून घेतली. पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला गाल आत गेले. शेजारचा भाजीवाला काम सोडून पाहू लागला.

"पान बरं आहे," त्या खोकत म्हणाल्या. "पण तू फार घट्ट वळतेस. धूर येतच नाही. ओढताना जबडा दुखतो."

अंबूताईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पुढचं पान मांडीवर पसरलं, डाव्या हाताने हलकेच गुंडाळलं, आणि न बांधताच त्यांच्या हातात दिलं.

"आता बघ."